हाजराबीबींची धाव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९८४ सालचा ऑगस्ट महिना आमच्या पिढीच्या लोकांना एका कारणासाठी पक्का आठवतो. लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये पी. टी. उषाचं ब्राँझपदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या धावपटूची वेळ होती ५५.४१ सेकंद आणि उषाची ५५.४२. मी तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या एका गावात नववीत शिकत होते. रेडिओवर बातमी झाली आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांतून एकच हळहळ ऐकू आली. अब्बांनी ट्रान्झिस्टर बंद केला आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

मला मात्र त्या दिवशी दुहेरी वाईट वाटलं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये माझं धावणं बंद झालं होतं. आठवीत असताना तालुक्याच्या स्पर्धेत ८०० मीटरमध्ये मी दुसरी आले होते. पी.टी.चे सर म्हणाले होते, पुढच्या वर्षी हिला जिल्ह्याला न्यायची. पण पुढचं वर्ष उजाडलं तेव्हा मी ‘मोठी’ झाले होते. थोरला भाऊ चौकातून बातमी घेऊन आला, लोक बोलतात म्हणून. अब्बांनी मला रागावून काही सांगितलं नाही. शाळा चालू ठेवली, पुढे बी.ए.पर्यंत शिकवलं, त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. फक्त शाळेच्या मैदानावर मी पुन्हा कधी उतरले नाही. मी रडले तेव्हा अम्मा म्हणाली, ‘सबर कर.’ आमच्या घरांतून मुलींना हा शब्द फार लवकर कळतो.

उषाची शर्यत कोणी जिंकली, हे त्या दिवशी आमच्यापैकी कोणीच विचारलं नाही. मीही नाही. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना कॉलेजच्या वाचनालयात एका जुन्या क्रीडा मासिकात मला ते नाव सापडलं : नवाल अल मुतवक्किल. मोरोक्कोतल्या कासाब्लांका शहरातली मुलगी, वय वर्षं २२, अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठाची विद्यार्थिनी. वेळ ५४.६१ सेकंद. ऑलिम्पिकचं सुवर्णपदक जिंकणारी ती पहिली अरब स्त्री. मोरोक्कोला तोवर कोणत्याही खेळात, पुरुषांनासुद्धा, सुवर्णपदक मिळालेलं नव्हतं.

मी तो मजकूर दोनदा वाचला. ज्या शर्यतीसाठी आम्ही हळहळलो, तीच शर्यत एका मुसलमान मुलीनं जिंकली होती, आणि माझ्या घरात ते कोणाला ठाऊक नव्हतं. तिचे वडील तिच्या धावण्याच्या पाठीशी होते. ती परदेशी शिकायला गेली आणि थोड्याच काळात ते वारले. तरीही ती परत न फिरता धावत राहिली. ती जिंकली तेव्हा मोरोक्कोचे राजे दुसरे हसन यांनी तिला फोन केला आणि त्या दिवशी देशात जन्मलेल्या मुलींचं नाव नवाल ठेवावं, असं जाहीर केलं. मला वाटलं, हे चार वर्षांपूर्वी मला ठाऊक असतं तर? कदाचित काहीच बदललं नसतं. पण भावाला द्यायला एक उत्तर तरी माझ्यापाशी असतं.

खरं तर उत्तर घरातच होतं. ते माझ्या नानीपाशी होतं.

नानी १९६८ साली हजला गेली होती. तेव्हाची हज म्हणजे मुंबईच्या मुसाफिरखान्यात मुक्काम आणि मग जहाजानं जेद्दापर्यंतचा प्रवास. मुंबईहून जाणारी ही जहाजं १९९५पर्यंत चालू होती. नानीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिनं पाहिलेलं सगळं तिला तारीखवार सांगता यायचं. माझं धावणं बंद झालं त्या दिवसांत एका रात्री ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, ‘सबर म्हंजे बसून ऱ्हाणं न्हवं, पोरी. हाजराबीबी बसली न्हवती.’ आणि मग तिनं मला ती गोष्ट सांगितली.

ही गोष्ट बुखारी यांच्या हदीस-संग्रहात सविस्तर आली आहे. पैगंबर इब्राहीम आपली पत्नी हाजरा आणि तान्हा मुलगा इस्माईल यांना मक्केच्या ओसाड खोऱ्यात ठेवून निघून गेले. सोबत थोडे खजूर आणि कातडी पिशवीत पाणी. तिथं ना झाड, ना वस्ती. हाजराबीबींनी विचारलं, हा अल्लाहचा हुकूम आहे का? हो म्हटल्यावर त्या म्हणाल्या की मग तो आम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही. इथवर गोष्ट श्रद्धेची आहे. पुढे पाणी संपलं. दूध आटलं. बाळ तहानेनं तळमळू लागलं.

आता श्रद्धा ठेवून बसून राहायचं, असंही कोणी म्हणू शकलं असतं. त्या उठल्या. जवळची सफा टेकडी चढून कोणी माणूस दिसतो का ते पाहिलं. कोणी दिसलं नाही. खाली उतरल्या, सखल भागात आल्यावर अंगावरच्या वस्त्राचा काठ उचलून धरला आणि संकटात सापडलेलं माणूस धावतं तशा धावल्या. पलीकडची मरवा टेकडी चढल्या. तिथूनही कोणी दिसलं नाही. असं सात वेळा झालं. सातव्या वेळी मरवावर असताना आवाज आला, आणि बाळाजवळ पाण्याचा झरा फुटलेला दिसला. तोच जमजम. हाजराबीबींनी हातानं माती ओढून त्याला आळं केलं आणि पिशवी भरून घेतली.

हज आणि उमरा करणारा प्रत्येक माणूस ‘सई’ करतो, ती याच धावेची आठवण. सई या शब्दाचा अर्थच धावपळ, प्रयत्न. सफा-मरवा यांचा उल्लेख कुरआनात अल-बकरा या सुऱ्यात आहे. दोन्ही टेकड्यांमधलं अंतर सुमारे ४५० मीटर. सात खेपा म्हणजे तीन किलोमीटरहून थोडं अधिक. पूर्वी हा रस्ता बाजारातून जायचा. १९५५नंतरच्या विस्तारात तो मशिदीच्या इमारतीत आला आणि आता तिथं छत, गार हवा आणि संगमरवरी फरशी आहे. पण मोजमाप हाजराबीबींच्या पावलांचंच. बादशहा असो की मजूर, मौलाना असो की माझ्यासारखी कविता लिहिणारी बाई, तिथं सगळ्यांना एका स्त्रीच्या पावलावर पाऊल टाकावं लागतं. शरीर झिजवून करायच्या आमच्या या इबादतीची पहिली शिक्षिका बाईच आहे, आणि तिचा धडा धावण्याचा आहे.

मग बायकांचं धावणं गेलं कुठं? हदीसच्याच ग्रंथांत हजरत आयेशांची आठवण आहे. प्रवासात असताना पैगंबरसाहेबांनी त्यांच्याशी पळण्याची शर्यत लावली आणि आयेशा जिंकल्या. पुढे त्यांचं अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली, तेव्हा पैगंबरसाहेब जिंकले आणि हसून म्हणाले की ही त्या वेळची परतफेड. अबू दाऊद यांच्या संग्रहात हे आहे. नवरा-बायकोच्या या साध्या प्रसंगावर वाझमध्ये, प्रवचनात, मी लहानपणी कधीच काही ऐकलं नाही.

पण हे केवळ आमच्याच समाजात घडलं असं समजायचं कारण नाही. १९२८ साली अॅमस्टरडॅमच्या ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. जर्मनीची लीना राडके विश्वविक्रम करून जिंकली. अंतिम फेरीतल्या नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली. तरी वर्तमानपत्रांनी बातम्या दिल्या त्या बायका कशा कोसळल्या याच्या. एवढं अंतर स्त्रीच्या शरीराला झेपत नाही, असं ठरवून ती शर्यत काढून टाकण्यात आली. ती परत आली १९६० साली, रोममध्ये. स्त्रियांच्या मॅरेथॉनला तर १९८४ उजाडावं लागलं, आणि नवाल-उषाची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यतही स्त्रियांसाठी त्याच वर्षी पहिल्यांदा झाली. म्हणजे युरोपातल्या शिकलेल्या, कोटटाय घातलेल्या पुरुषांना ८०० मीटरही जास्त वाटत होतं. आमच्या चौकातल्या मंडळींना मी एकट्यानं का दोष द्यावा?

नवालनंतर सात वर्षांनी, १९९१मध्ये, अल्जीरियाची हसीबा बुलमेर्का टोकियोत १५०० मीटरची जगज्जेती झाली. देशात तिचं स्वागत झालं, आणि मशिदींतून तिचा निषेधही झाला. का, तर ती उघड्या पायांनी हजारो लोकांसमोर धावली. त्या काळात अल्जीरिया यादवीच्या उंबरठ्यावर होता. जिवाला धोका म्हणून तिला देशाबाहेर, बर्लिनमध्ये सराव करावा लागला. १९९२ साली बार्सिलोनात तिनं सुवर्णपदक जिंकलं, अल्जीरियाचं पहिलं. त्याच वर्षी जूनमध्ये खून झालेले राष्ट्राध्यक्ष मोहम्मद बुदियाफ यांना तिनं ते अर्पण केलं. हसीबा श्रद्धाळू मुसलमान होती आणि तसं ती उघडपणे सांगायची.

दुसरी बाजूही पाहायला हवी. बहरीनची रुकय्या अल गसरा डोकं आणि सगळं अंग झाकून धावायची. २००६ साली दोहाच्या आशियाई स्पर्धेत तिनं २०० मीटरचं सुवर्णपदक जिंकलं. पण सगळ्याच खेळांत तशी मोकळीक नव्हती. जून २०११मध्ये इराणच्या मुलींचा फुटबॉल संघ ऑलिम्पिक पात्रता सामन्यासाठी अम्मानला पोचला आणि डोक्यावरच्या वस्त्रामुळे त्यांना खेळू दिलं गेलं नाही. फुटबॉलमधली ती बंदी २०१४ साली उठली, बास्केटबॉलमधली २०१७ साली. एकीकडे झाकलं नाही म्हणून हाकलायचं, दुसरीकडे झाकलं म्हणून. या दोन्ही वादांत मुलगी किती वेगानं धावली, हा प्रश्न मागेच पडतो.

८ ऑगस्ट १९८४ या नवालच्या दिवसाला बरोबर २८ वर्षं झाली, त्या दिवशी, ८ ऑगस्ट २०१२ला, लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटरची प्राथमिक फेरी होती. महिना रमजानचा. सौदी अरेबियानं त्या वर्षी पहिल्यांदाच स्त्रिया पाठवल्या होत्या, फक्त दोन. त्यातली एक सारा अत्तार, वय १९, कॅलिफोर्नियात पेपरडाइन विद्यापीठात शिकणारी. डोकं झाकलेलं, पूर्ण बाह्यांचा सदरा. ती शेवटची आली, बाकीच्यांपेक्षा अर्ध्या मिनिटाहूनही मागे. पण ती शेवटच्या वळणावर आली तेव्हा प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी ते दूरदर्शन संचावर पाहिलं. ८०० मीटर! माझंच अंतर. सारानं पुढे २०१६मध्ये रिओला मॅरेथॉन पूर्ण केली. सौदीतल्या सरकारी शाळांत मुलींना शारीरिक शिक्षणाचा तास सुरू करण्याचा निर्णय २०१७ साली झाला. हाजराबीबी ज्या मातीत धावल्या, तिथल्या शाळकरी मुलींना तो तास मिळायला एवढी वर्षं लागली.

२०१९ साली मी स्वतः हजला गेले. २०१८पासून भारत सरकारनं ४५ वर्षांवरच्या स्त्रियांना पुरुष नातेवाइकाशिवाय, किमान चौघींच्या गटानं, हजला जायची मुभा दिली. आम्ही चौघी तशाच गेलो. एक शिक्षिका, एक किराणा दुकान चालवणारी, एक निवृत्त नर्स आणि मी.

सईच्या वाटेवर एका ठिकाणी हिरवे दिवे लावलेले आहेत. हाजराबीबी जिथं धावल्या तो सखल भाग तो. त्या दिव्यांमध्ये पुरुषांनी धावत जायचं असतं. बायकांनी नाही. बायकांनी आपल्या नेहमीच्या चालीनं चालायचं, असा फिकहचा, धर्मशास्त्राचा नियम आहे आणि कारण पडद्याचं सांगतात. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं. पण प्रत्यक्ष तिथं, माझ्या दोन्ही बाजूंनी म्हातारे पुरुषसुद्धा धापा टाकत धावताना पाहिले आणि मी चालत राहिले, तेव्हा काळजात काहीतरी हललं. मी नियम मोडला नाही. मी तिथं भांडायला गेले नव्हते. पण चौथ्या खेपेला माझ्या लक्षात आलं की नर्स असलेली आमची मैत्रीण रडते आहे. मी विचारलं, पाय दुखतात का? ती म्हणाली, ‘नाही गं. एकटी होती बिचारी. कोणी मदतीला नव्हतं, म्हणून धावली.’ तिनं आयुष्यभर रात्रपाळ्या करून दोन मुलं एकटीनं वाढवली होती. सबर म्हणजे काय, हे नानीनंतर मला सांगणारी ती दुसरी.

आता आजची गोष्ट सांगते. माझी भाची, त्या थोरल्या भावाचीच मुलगी, कॉलेजात शिकते आणि पोलीस भरतीची तयारी करते. आपल्याकडे गावोगावच्या मैदानांवर पहाटे अशा मुली पळताना तुम्हीही पाहिल्या असतील. मुलींच्या मैदानी चाचणीत १०० मीटर, गोळाफेक आणि ८०० मीटर धावणं असतं. पुन्हा ८०० मीटर. गेल्या रमजानात ती सहरी करून नेहमीसारखी सरावाला गेली आणि तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन मैदानावरच बसली. घरात दोन तट पडले. भावजय म्हणाली, ‘आपा, तुम्हीच सांगा तिला, महिनाभर पळणं सोड.’ तिच्या सरावातल्या मैत्रिणी म्हणाल्या, रोजे सोड. तिला दोन्ही सोडायचं नव्हतं. ‘फुप्पी, दोन्ही माझंच आहे,’ एवढंच ती म्हणाली.

मी तिला हाजराबीबींची गोष्ट सांगितली, पण त्यातला एक भाग जरा थांबून सांगितला. हाजराबीबी सहनशक्ती दाखवायला धावल्या नव्हत्या. त्या पाणी शोधायला धावल्या होत्या. तहान सोसणं हे त्यांचं काम नव्हतं, बाळाची तहान भागवणं हे होतं. कुरआननं आजाऱ्याला आणि प्रवाशाला रोजा पुढे ढकलायची सवलत दिली आहे, ती उगाच नाही. शरीर मोडून दाखवणं म्हणजे इबादत नव्हे. त्यामुळे दोन्ही करायचं तर नीट रचून करायचं, आणि चक्कर आली तर लगेच थांबायचं.

मग आम्ही वेळ बदलली. पहाटेचं धावणं बंद. इफ्तारच्या आधीच्या तासाभरात फक्त हलका व्यायाम, म्हणजे पाठोपाठ पाणी मिळतं. आणि खरं धावणं रात्री, इफ्तारला दोन-अडीच तास झाल्यावर, पोटात अन्नपाणी गेल्यावर. अडचण एकच होती. रात्री मैदानावर दिवे नसतात आणि मुलीला एकटीला पाठवायचं कसं? तरावीह संपवून माझा भाऊ मोटारसायकल काढायचा. मैदानाच्या कडेला ती उभी करून दिवा धावपट्टीवर सोडायचा आणि मोबाइलमधलं घड्याळ हातात धरून उभा राहायचा.

एका रात्री मीही गेले. चारशे मीटरच्या मैदानाच्या दोन फेऱ्या. पलीकडच्या वळणावर ती अंधारात दिसेनाशी व्हायची आणि पुन्हा उजेडात यायची. भाऊ माझ्याकडे न पाहता म्हणाला, ‘तू पण अशीच पळायचीस.’ एवढंच. चाळीस वर्षांत त्या विषयावर आमचं झालेलं हे पहिलं बोलणं. मी काही म्हणाले नाही. माफ करण्याजोगं काही तेव्हाच्या सतरा वर्षांच्या पोरानं मुद्दाम केलेलं नव्हतं. चौकात ऐकलं ते त्यानं घरी आणलं, इतकंच.

२०२४च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला स्त्रियांची मॅरेथॉन नेदरलँड्सच्या सिफान हसननं जिंकली. इथिओपियातून पंधराव्या वर्षी निर्वासित म्हणून आलेली ही मुलगी नर्सिंग शिकताना धावायला लागली होती. सुवर्णपदक घेताना तिनं डोक्यावर हिजाब घेतला होता. त्यावरही जगभर वाद झालेच. भाचीनं मला तो फोटो दाखवला तेव्हा मी तिला नवालचं नाव सांगितलं, हसीबाचं सांगितलं, सारा अत्तार शेवटची आली तेही सांगितलं. ही नावं तिच्या पिढीला तरी वेळेवर कळायला हवीत.

तिची भरती होईल की नाही, हे मला ठाऊक नाही. जागा थोड्या आणि मुली पुष्कळ. त्या रात्री दुसरी फेरी संपवून ती आमच्यापाशी आली, गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. भावानं आधी घड्याळ बघितलं, वेळ सांगितली, मग गाडीला अडकवलेली पाण्याची बाटली काढून तिच्या हातात दिली. ती म्हणाली, ‘अब्बा, आणखी एकदा?’

भाऊ पुन्हा घड्याळ लावून उभा राहिला.